पंचेचाळीस सेकंद

व्हरांड्यात चटया पाच होत्या, उशा दोन, लाकडी बाक एक आणि माणसं सहा. चार चटयांवर चार सेविका, समोर फरीदाताई आणि बाकावर वही घेऊन मी. पाचवी चटई हौसामावशींची होती. ती रिकामी होती. दुपारचे दोन वाजून चार मिनिटं झाली होती.

"हौसाबाई कुठे आहेत?" फरीदाताईंनी विचारलं.

"येतीया म्हणाली. शामरावांची कूस ऱ्हायलीया," रंजना म्हणाली. ती सेविकांमध्ये सगळ्यात लहान, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. "शामरावांची झाली की दुसऱ्या कुणाची तरी ऱ्हायलेली असंल. एकशे आठ हायत दिवसाला. जपमाळच की ही."

बायका हसल्या. आकडा बरोबर होता, कारण तो मीच त्यांना काढून दिला होता.

जत तालुक्यातल्या माळावरच्या त्या आश्रमात नऊ पुरुष होते. कुणी झाडावरून पडलेलं, कुणी ट्रॉलीखाली सापडलेलं. मणक्याला मार बसून सगळ्यांचंच कमरेखालचं अंग लुळं पडलेलं. असा माणूस एकाच अंगावर फार वेळ राहिला, तर खालच्या कातडीला रक्त पोचत नाही आणि जखम होते. ती भरायला कधी वर्ष लागतं, कधी ती माणसालाच घेऊन जाते. म्हणून दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची. नऊ माणसं, दिवसाला बारा वेळा.

उचलणाऱ्या सेविका पाच. त्या वर्षात दोघींनी पाठ गेली म्हणून काम सोडलं होतं आणि त्यांच्या जागी दोन नव्या आल्या होत्या. म्हणून मिरजेहून सोमवार-गुरुवार फरीदाताई येऊ लागल्या. त्या फिजिओथेरपिस्ट होत्या आणि योगही शिकवायच्या. मी नुकतंच शरीरशास्त्रात एम.एस्सी. करून वर्षभरासाठी तिथे गेले होते. योगामुळे सेविकांच्या पाठीत काही फरक पडतो का, हे मोजणं माझं काम होतं.

पहिल्या दिवशी फरीदाताई बायकांना म्हणाल्या होत्या, "तुमच्या पाठीवर नऊ माणसं झोपलेली आहेत. पाठ गेली की ती खाली पडणार. तेव्हा रोज पंचवीस मिनिटं पाठीची. त्यात कुणाची सेवा नाही, कुणाचं काम नाही. फक्त आपलं."

सोमवार-गुरुवारी त्या करून घ्यायच्या. इतर दिवशी प्रत्येकीने जमेल तेव्हा करायचं आणि वहीत बरोबरची खूण करायची. महिन्याच्या एक तारखेला मी चाचणी घ्यायची. चाचणी सोपी होती. पोटावर झोपायचं, कुणीतरी टाचा दाबून धरायच्या, हात पाठीवर ठेवायचे आणि छाती चटईवरून वर उचलायची. हनुवटी खाली टेकेपर्यंत किती सेकंद जातात, ते लिहायचं. पंचेचाळीसच्या खाली असेल तिने माणूस उचलू नये, असा फरीदाताईंचा नियम होता. तिथवर पोचायला सगळ्यांना तीन महिने दिले होते.

चार जणींची सरासरी ऑक्टोबरात तेहेतीस होती आणि जानेवारीत अठ्ठेचाळीस. हौसामावशींचे आकडे असे होते: सत्तावीस, पंचवीस, बावीस, एकोणीस.

मावशी बावन्न वर्षांच्या होत्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, नऊवारीचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेला. आश्रम सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं त्या तिथे होत्या. वॉर्डातल्या सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय त्या घास घेत नसत. कुणी देणगीदार पेढे घेऊन आला तर नऊ पेढे वाटून झाल्यावर डब्याला लागलेला चुरा तेवढा तोंडात टाकायच्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात शामरावांना खुर्चीत घेताना मावशींच्या पाठीत उसण भरली आणि दोघंही खाली आले. शामरावांचं वजन चौऱ्याऐंशी किलो. ते मावशींच्या अंगावर पडले, म्हणून त्यांना काही लागलं नाही. मावशींचा गुडघा सुजला.

आश्रमाचे व्यवस्थापक पाटोळे सर वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते. त्यांनी मला आणि फरीदाताईंना ऑफिसात बोलावलं, वही मागितली आणि तो उतरता आकडा बोटाने खालीवर तपासला.

"उद्या कुणाचं डोकं फुटलं तर त्यांच्या घरच्यांना मी काय सांगू? मार्चअखेर पंचेचाळीस झाले तर ठीक. नाही झाले तर हौसाबाईंनी स्वयंपाकघरात जायचं. पगार तोच राहील."

"दोन महिने त्या एकट्याने उचलणार नाहीत," फरीदाताई म्हणाल्या. "रंजना बरोबर राहील."

मावशींना हे त्याच दुपारी कळलं. मी नळावर हात धूत होते. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, पट्टी तुझ्याच हातात हाय न्हवं?"

"घड्याळ, मावशी."

"त्येच ते. मग पंचवीस-तीस वाढवून लिव्ह की. कुणाच्या बाचं काय जातंय?"

"असं नाही करता येत."

"का? हात मोडतो व्हय?"

"खोटं लिहिलं तर तुमची पाठ बरी होत नाही, मावशी."

"माझी पाठ माझी मी बगीन. मला सयपाकघरात नको." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "थितं भाकरीला कूस बदलाय लागती. भाकरी काय बोलत न्हाई."

एवढं बोलून त्या लंगडत वॉर्डात गेल्या.

मला माझ्या पद्धतीत चूक सापडत नव्हती. त्याच चटया, तेच घड्याळ, तीच वेळ. म्हणून मी खुणांची वही काढली. इतर चौघींच्या रकान्यात गाळलेले दिवस होते. आजारपण, माहेर, कंटाळा. मावशींच्या रकान्यात चार महिन्यांत एकही दिवस सुटला नव्हता; व्हरांड्यातला वर्ग चुकला तरी त्या रोज दीडला एकट्याने करतात, असं मी धरून चालले होते. माणसाचं इतकं सरळ वागणं मी तोवर कुठल्याच तक्त्यात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दीड वाजता, त्यांच्या योगाच्या वेळेला, मी वॉर्डात जाऊन दाराशी उभी राहिले.

मावशी शामरावांच्या खाटेशी होत्या. त्यांनी शामरावांचा उजवा पाय टाचेखाली एक हात आणि गुडघ्याखाली एक हात घालून उचलला होता आणि हुबेहूब फरीदाताईंच्या आवाजात चाललं होतं, "श्वास घेत वर... थांबायचं... सोडत सोडत खाली." वीस वेळा उजवा, वीस वेळा डावा. मग दोन्ही गुडघे पोटाशी. मग पावलं गोल. फरीदाताई शिकवायच्या त्याच क्रमाने, एकही न गाळता. शामराव छताकडे बघत पडले होते. शेवटी मावशींनी त्यांच्या पायांवर चादर सारखी केली, खिडकीतली वही घेतली आणि स्वतःच्या रकान्यात खूण केली.

"मावशी, हे काय?"

"योगा."

"तुमचा?"

"मग कुणाचा? येळ माझी, घाम माझा."

"पण पाय त्यांचे!"

मावशींनी मला हाताला धरून व्हरांड्यात आणलं. "आगं, पंचवीस मिनटं हातात हायती. माझं पाय चालत्यात. ह्येंचं वाळाय लागल्यात. मग ती पंचवीस मिनटं कुणाच्या पायाला द्यायची, सांग तूच. शिकल्याली हायस."

चार महिने वॉर्डाच्या भिंतीपलीकडे बसून मी सेकंद मोजले होते.

"तुला ठाऊक होतं?" मी रंजनाला विचारलं.

"सगळ्यास्नी ठाऊक हाय. तू इचारलंस कवा? तू निस्ती लिवत बसतीस."

एक गोष्ट मात्र तपासायची राहिली होती. फरीदाताईंच्या फाइलमध्ये शामरावांच्या पावलांची ऑक्टोबरातली मोजणी होती. पाऊल नडगीकडे चार अंश वळत होतं, त्यापुढे घोट्याचा सांधा आखडलेला. मी कोनमापक घेऊन गेले आणि परत मोजलं. तेरा अंश. योगाचा परिणाम झाला होता. शामरावांवर.

"काय मोजतीस?" शामरावांनी विचारलं. ते पूर्वी विहिरींच्या खोदाईवर क्रेन चालवायचे. माणसं आणि दगड खाली सोडणं, वर घेणं. एक दिवस ब्रेक सुटला आणि ते स्वतः पन्नास फूट खाली गेले. हात मात्र शाबूत होते, खोऱ्यासारखे रुंद.

"पाऊल किती वळतं ते. पुष्कळ फरक आहे. मावशींनी त्यांची पंचवीस मिनिटं तुमच्या पायांना दिली त्याचा."

"तिची म्हंजे?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांना माहीत नव्हतं. ते त्याला आपल्याच उपचारांचा भाग समजत होते. मी सुरुवात केलीच होती, म्हणून सगळं सांगितलं. वहीतल्या खुणा, एकोणीस सेकंद, मार्चअखेर, स्वयंपाकघर. आकडे सांगावेत तसं, ओळीने.

त्यांनी मान उचलून आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या पायानं तिची हजेरी लागती व्हय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला कूस बदलायची वेळ झाली. मावशी आणि रंजना शामरावांच्या खाटेशी गेल्या. शामरावांनी दोन्ही हातांनी खाटेची लोखंडी कड धरली.

"सोड की," मावशी म्हणाल्या.

"आज न्हाई."

"काय न्हाई?"

"आदी तुझं. चटई हितं टाक, मला दिसंल अशी. तुझा योगा तू कर. मग माझी कूस."

"ह्या पोरीनं सांगितलं व्हय?" मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी वही पाठीमागे घेतली. "आरं बाबा, तुझं बारापासनं एका अंगावर हाय. चट्टा पडंल."

"पडू दे."

"नऊ वर्सांत एकाला बी पडला न्हाई माझ्या वॉर्डात!"

"मग पयला माझा."

रंजनाने त्यांची बोटं उकलायचा प्रयत्न केला. एक बोट सुटलं की दुसरं घट्ट व्हायचं. शेजारच्या खाटेवरून कुणीतरी म्हणालं, "मावशे, ऐक की त्येचं," आणि मावशींनी त्याला गप्प केलं. दोन वाजून वीस मिनिटं झाली. मावशी एकदा चिडायच्या, एकदा शामरावांच्या कपाळावर हात ठेवायच्या. आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर भार देत त्या खाटेभोवती दोनदा फिरल्या, जणू दुसऱ्या बाजूने तरी तो माणूस सुटेल.

"तू सांग की ह्येला," त्या मला म्हणाल्या.

"शामराव, फार उशीर झाला तर खरंच धोका आहे."

"मला कशाला सांगतीस? तिला सांग. कडेला म्या धरलंय, पर सोडायचं तिच्या हातात हाय."

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी मावशींनी दोन खाटांच्या मधल्या जागेत चटई टाकली. "मेल्या, तुझ्यापायी," असं म्हणत पोटावर झोपल्या. रंजनाने टाचा धरल्या. मी सवयीने घड्याळ काढलं.

"ते आत ठेव," मावशी चटईतून म्हणाल्या. "ते बगितलं की मला धाप लागती."

"म्या मोजतो," शामराव म्हणाले. "हं. उचल."

मावशींनी छाती उचलली. शामरावांनी मोजायला सुरुवात केली. चौदाला मावशी खाली आल्या.

"चौदाच? घड्याळात एकोणीस आल्तं की!"

"आज दमलीयास. परत."

मलाही ते पटलं. पाठ दुखावलेली, गुडघा सुजलेला, वरून हा प्रकार. तीनदा करून घेतल्यावर शामरावांनी कड सोडली. त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा दोन एकेचाळीस झाले होते. माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग होता. मी त्यावर अंगठा दाबला आणि सोडला. कातडी पांढरी झाली आणि तीन सेकंदांत पुन्हा लाल. याचा अर्थ रक्त फिरत होतं. मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मी मान हलवल्यावर त्यांनी शामरावांच्या दंडावर एक जोरात चापट मारली.

"उद्या बी," शामराव म्हणाले.

फरीदाताईंना मी सगळं सांगितलं. मावशींनी मला विचारलेला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला: पंचवीस मिनिटं कुणाच्या पायाला द्यायची? फरीदाताईंनी फाइल उघडली. मग त्यांनी नऊही जणांच्या पायांच्या व्यायामाचं वेगळं वेळापत्रक केलं, सेविकांमध्ये वाटून, कामाच्या वेळेत. "हे काम आहे, ते कामात बसवू," त्या मावशींना म्हणाल्या. "तुमच्या वेळेत नाही."

त्यानंतर आठ आठवडे रोज दीडला वॉर्डातच चटई पडायची. घड्याळाला बंदी होती; मावशींची एक तारखेची चाचणीही फरीदाताईंनी मार्चअखेरपर्यंत थांबवली होती. आधी मार्जारासन, मग भुजंगासन, मग गुडघे पोटाशी, मग शामरावांची मोजणी, शेवटी शवासन. सोळा. अठरा. तेवीस. मावशी मध्येच मान वळवून कुणाकडे तरी बघायच्या आणि खाटेवरून हुकूम यायचा, "फुडं बग. तो खोकतोय तर आमी हाय की बगायला. आठ जण हाय."

फेब्रुवारीच्या मध्यात एका दुपारी शवासनात मावशींना झोप लागली. त्या घोरू लागल्या. रंजना उठवायला निघाली तेव्हा नऊच्या नऊ जणांनी एकदम हात वर करून तिला थांबवलं. खोकला असलेल्या माणसाने उशी तोंडावर दाबून धरली. सतरा मिनिटं त्या वॉर्डात पंख्याखेरीज कशाचा आवाज झाला नाही. जागं झाल्यावर मावशी दचकून उठल्या आणि त्यांनी सगळ्या खाटा एकामागून एक पाहिल्या.

"काय झालं?"

"काय न्हाई," शामराव म्हणाले. "सगळी हाय जित्ती."

त्या आठवड्यापासून मावशी चटई टाकायला कुणी सांगायची वाट बघेनाशा झाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या रकान्यात दोन दिवस रिकामे राहिले. भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. मोजणी मात्र सावकाश वाढत होती. एकतीस. चौतीस. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एकोणचाळीसवर येऊन अडकली. मावशींचं जेवण कमी झालं. एकदा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आतली चूल बघत होत्या. मला पाहिल्यावर मीठ घ्यायला आल्याचं सांगितलं.

एकतीस मार्चला पाटोळे सर स्वतः आले. चाचणी व्हरांड्यात ठेवली होती. मावशी म्हणाल्या वॉर्डात, आणि मोजायचं शामरावांनी.

"मोजणी घड्याळानेच होणार," पाटोळे सर म्हणाले.

"घड्याळ केतकीच्या हातात राहील," फरीदाताई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "शामरावांनी मोठ्याने मोजलं तर बिघडलं कुठे?"

सरांनी खुर्ची ओढून घेतली. मावशींनी काष्टा घट्ट केला आणि त्या पोटावर झोपल्या. रंजनाने टाचा धरल्या. मी चटईच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले. हनुवटी टेकली की त्याच क्षणी घड्याळ थांबवायचं, म्हणून मला नजर हनुवटीवरच ठेवावी लागायची. घड्याळ बघून चालायचं नाही.

"उचल," शामराव म्हणाले. मी बटण दाबलं.

"एक. दोन. तीन."

वीसपर्यंत मावशींचा चेहरा नेहमीचाच होता. पंचवीसला कानामागून घाम निघाला. तिसाला त्यांची हनुवटी थरथरली, एक बोटभर खाली आली आणि पुन्हा वर गेली.

"श्वास, हौसाबाई," फरीदाताई हळूच म्हणाल्या. "श्वास धरून ठेवू नका."

"छत्तीस. सदतीस."

पाटोळे सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग शामरावांकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळ. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. फरीदाताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"एकोणचाळीस."

मावशींच्या गळ्यातून बारीक आवाज आला. रंजनाच्या हाताखाली त्यांची पावलं हलत होती.

"चाळीस. एक्केचाळीस. फुडं बग, हौसा. बेचाळीस."

सहा महिन्यांत त्यांना नुसत्या नावाने कुणी हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती. मावशींनी डोळे मिटले.

"त्रेचाळीस. चव्वेचाळीस."

शामरावांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली होती.

"पंचेचाळीस."

मावशींची हनुवटी चटईला टेकली. मी घड्याळ थांबवलं. त्या तशाच पडून धापा टाकत होत्या. मग गाल चटईवर ठेवूनच त्यांनी विचारलं, "किती आलं गं, पोरी?"

मी हातातलं घड्याळ पाहिलं.

अठ्ठावन्न सेकंद.